हार्वर्डले जायले जर्मन लागते हे कोणी सांगितलं?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून आमच्या आर्णी-दारव्हा भागात पेपरच्या घडीत एक रंगीत पत्रक येऊन राहिलं आहे. वर लाल विटांच्या मोठ्या कॉलेजचा फोटो, खाली ठळक अक्षरात "नववीपासून जर्मन-फ्रेंच शिका, हार्वर्ड-स्टॅनफर्डला ॲडमिशन मिळवा" आणि मोबाईल नंबर. पत्रक तुम्ही छापत नाही हे मला माहिती आहे, एजन्सीवाला सकाळी घडीत टाकतो, पण लोकांना वाटते पेपरातून आलं म्हणजे खरंच असेल. म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहिते, थोडं लांबलं आहे पण जमलं तर पूर्ण छापा.

मी झेडपीच्या हायस्कूलला मराठी शिकवते आणि सर नसले की इंग्रजीचे तास पण घेते. माझी स्वतःची मुलगी यंदा नववीत आहे त्यामुळे या क्लासवाल्यांचा सेमिनार मंगल कार्यालयात झाला तेव्हा आम्ही पण गेलो. चहा-पोहे फुकट, गर्दी भरपूर. टाय लावलेले सर म्हणाले की अमेरिकेच्या टॉप कॉलेजात फॉरेन लँग्वेज कंपल्सरी आहे आणि ज्या पोराकडे ती नाही त्याचा फॉर्म कॉम्प्युटरच बाहेर फेकतो. माझ्या बाजूला एक काका होते ते म्हणे, "मॅडम, आपल्या पोट्ट्याले इंग्रजीतच दम लागते, आता जर्मन कुठून आणाव बाप्पा?" असं म्हणाले आणि तरी टोकन भरून आले. फी चाळीस हजार. २०२५-२६ च्या ८,११० च्या हमीभावानं धरलं तर पाच क्विंटल कापूस झाला, आणि तो हमीभाव किती जणांच्या हातात पडतो तो विषय वेगळाच.

आता खरं काय ते. ही सगळी माहिती कॉलेजांच्या स्वतःच्या वेबसाईटवर उघड लिहिलेली असते, मोबाईलवर वाचता येते, त्यासाठी कोणाला फी द्यावी लागत नाही. हार्वर्ड सांगते की हायस्कूलच्या चार वर्षात, म्हणजे नववी ते बारावी, एकच परकी भाषा चारही वर्षं शिकलेली असली तर चांगलं, प्रिन्स्टन पण चारच म्हणते, स्टॅनफर्ड तीन किंवा जास्त, आणि एमआयटी दोन वर्षांवर समाधान मानते. लक्षात घ्या हे सगळं "असलं तर बरं" या खात्यातलं आहे, "नसेल तर येऊच नका" असं नाही. खरी अट कुठे आहे तर कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठात, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे. तिथे इंग्रजी सोडून दुसऱ्या एका भाषेची दोन वर्षं लागतातच आणि तीन असली तर उत्तम. पण ज्याची शाळाच इंग्रजी माध्यमाची नाही, मराठी माध्यमाची आहे, त्याची ती अट शाळेतच भागते. म्हणजे माझ्या वर्गातल्या पोरांनी ती अट पूर्ण केलेलीच आहे, फक्त त्यांना हे कोणी सांगत नाही. इंग्रजी मीडियमवाल्यांनी शाळेत मराठी-हिंदी विषय म्हणून घेतलेली असते, त्यांचंही तेच.

मुळात हा नियम अमेरिकन पोरांना डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. घरात इंग्रजी, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर इंग्रजी, असं पोरगं आयुष्यभर दुसरी भाषा न शिकता मोठं होऊ शकते, म्हणून कॉलेज म्हणते बाबा स्पॅनिश घे, फ्रेंच घे, लॅटिन घे, पण एक घे आणि शेवटपर्यंत ने. तिथले पालक सुद्धा यावर डोकं फोडतात, स्पॅनिशचे तीन वर्षं झाले आता चौथं करू की ते सोडून आणखी एक सायन्स घेऊ. त्याचं सरळ उत्तर कोणाजवळच नाही कारण कॉलेज एकटी भाषा पाहत नाही, सगळी चार वर्षं मिळून पोरानं किती अवघड विषय घेतले आणि ते शेवटपर्यंत टिकवले का हे पाहते. भाषा दोन वर्षात सोडली आणि तिच्या जागी काही हलकंफुलकं घेतलं तर डोळ्यावर येते. सोडून खरंच जड विषय घेतला तर तितकं बिघडत नाही. आणि अर्धं वर्ष जर्मन, अर्धं वर्ष जपानी असं चाखत फिरणं तर अजिबातच कामाचं नाही, चार वर्षं एकच भाषा म्हणतात ते याच्यासाठीच.

दुसरी गोष्ट जी सेमिनारवाल्या सरांनी सोयीनं गाळली. ही कॉलेजं पोराला त्याच्या शाळेत जे मिळत होतं त्याच्यावर मोजतात. अमेरिकेत पण खेडी आहेत, तिथल्या लहान शाळेत स्पॅनिशचे दोनच वर्ग असतात, पुढचे शिकवायला मास्तर नसतो, तर त्या पोराला चौथं वर्ष का नाही केलं म्हणून कोणी फाशी देत नाही. शाळा स्वतः एक कागद पाठवते, आमच्याकडे कोणकोणते विषय आहेत, किती मुलं आहेत, मार्क कसे देतात. मग आर्णी तालुक्यातल्या शाळेत जर्मन नाही म्हणून आमच्या पोराचे मार्क कापतील हे कोणत्या हिशोबानं सांगतात हे लोक?

एक उदाहरण सांगते, नाव सांगत नाही. आमच्या भागात बंजारा तांडे भरपूर. तांड्यावरचा एक माजी विद्यार्थी, हुशार पोरगा, मोबाईलवरच अमेरिकेच्या कॉलेजचा कॉमन ॲपचा फॉर्म, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना मिळून चालणारा एकच फॉर्म, भरत होता, माझ्याकडे इंग्रजी तपासायला घेऊन आला. त्या फॉर्ममध्ये भाषांचा एक रकाना असतो, तुम्हाला कोणत्या भाषा येतात, कोणती बोलता, कोणती वाचता, कोणती लिहिता, घरात कोणती चालते, प्रत्येकाला टिक करायची. यानं काय भरलं होतं? इंग्रजी, हिंदी, आणि ऑनलाईन ॲपवर दोन महिने टिकटिक केलेली जर्मन. मी विचारलं अरे मराठी कुठे? दहावीत मराठीत नव्वदच्या वर मार्क आहेत तुझे. आणि घरी तू आईशी गोरमाटी बोलतो ते कुठे गेलं? तर म्हणे, "मॅडम, ते कायले लिहायचं, ते काय भाषेत मोजतात काय." मला त्या पोराचा राग नाही आला, ज्यांनी त्याला असं वाटायला लावलं त्यांचा आला. चार भाषांचा पोरगा, एक घरची, एक शाळेची, एक बाजाराची आणि एक पुस्तकाची, आणि फॉर्मवर दाखवून राहिला अर्धवट जर्मन. मेळघाटातल्या कोरकू पोरांचं, पांढरकवड्याकडच्या कोलाम-गोंड पोरांचं असंच आहे. याच्यानं ॲडमिशन मिळते असं मी म्हणत नाही, पण जे आहे ते लपवून जे नाही ते मांडायचं हा कुठला न्याय.

आता आमचं आपलं दुखणं, कारण सगळा दोष क्लासवाल्यांवर टाकून चालत नाही. दहावीपर्यंत आपलं पोरगं मराठी, हिंदी, इंग्रजी तीनही शिकते. २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी सक्तीची पण झाली. मग अकरावी सायन्सला गेलं की पहिला सल्ला काय मिळतो? मराठी सोडून दे. जनरलला आयटी घे, पेपर ऑनलाईन होते, मार्क हमखास. नाहीतर बायफोकल म्हणजे धंद्याचा विषय घे, फिशरी घे. विदर्भात फिशरी माहिती नाही असा सायन्सचा पोरगा शोधून दाखवा, दोनशे मार्कांचा विषय, भाषा पण जाते आणि एक विषय पण जातो, प्रॅक्टिकलचे मार्क पदरात पडतात. ज्या पोरानं आयुष्यात तलावात गळ टाकला नाही त्याच्या मार्कलिस्टवर मत्स्यपालनात दोनशेपैकी एकशे नव्वद. मी फिशरीच्या विरोधात नाही, आमच्या गावतलावावर खरंच मासे पाळणारे भोई बांधव आहेत त्यांच्या पोरांनी तर जरूर घ्यावा, पण बाकीचे मार्कासाठी घेतात हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे.

नीट किंवा सीईटीवाल्याला याचा काही तोटा नाही, तो भाग पुढे सांगते. पण ज्याला खरोखर बाहेरच्या अशा कॉलेजात फॉर्म भरायचा आहे त्याच्या कागदावर काय दिसते पाहा. नववी-दहावीत तीन भाषा, अकरावी-बारावीत फक्त इंग्रजी. म्हणजे जी मराठी पोरगं पहिलीपासून शिकत आलं, जी चार वर्षांची सलग भाषा त्याच्याजवळ फुकटात होती, ती त्यानं मधेच सोडली आणि तिच्या जागी सोपा विषय घेतला. आणि मग त्याच भाषेच्या जागी चाळीस हजार देऊन सहा महिन्यांची जर्मन. याच्यावर हसावं की रडावं कळत नाही.

मागच्या वर्षी पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा किती गरमागरमी झाली, एप्रिलमध्ये काढला, जूनमध्ये बदलला आणि २९ जून २०२५ ला दोन्ही जीआर रद्द करावे लागले. मी पण त्यावेळी बोलणाऱ्यातली होते. पण अकरावीच्या प्रवेशाला टेबलावर बसून रोज मराठीवर काट मारल्या जाते तेव्हा एकही मोर्चा निघत नाही.

भारतातलं पण सांगून टाकते म्हणजे घोळ नको. इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटीचे पर्सेंटाईल, बारावी फक्त पात्रतेपुरती, मेडिकलला नीट, तिथे फ्रेंच-जर्मनची किंमत शून्य. जेईईवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं की आयआयटी-एनआयटीसाठी बारावीत ७५ टक्क्यांची जी अट आहे ती पाच विषयांची असते आणि त्यात एक भाषा धरतात, ती इंग्रजीच असली तरी चालते, म्हणून इंग्रजीला "पासिंगपुरतं" म्हणून सोडू नका. दिल्लीकडच्या सेंट्रल युनिव्हर्सिटीसाठी सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आहे, त्यात भाषेचा पेपर मराठीतून देता येतो, आणि २०२५ पासून तर परकी भाषांचे वेगळे पेपरच काढून टाकले, तेरा भारतीय भाषांच्या यादीतलेच राहिले, त्यात इंग्रजी पण आलीच. ज्याला खरंच जर्मन, जपानी, कोरियन यातच करिअर करायचं आहे त्याला जेएनयूला बीए आहे, तिथे पहिल्या अक्षरापासून शिकवतात. झालं.

जर्मन शिकूच नका असं कोणी यातून काढू नका. जर्मनीला जायचं तर जर्मन पाहिजेच. २०२४ मध्ये आपल्या राज्यानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यासोबत कुशल कामगार पाठवायचा करार केला, नर्सिंगवाले, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, त्यांच्यासाठी भाषा ही रोजीरोटी आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठात फी नाहीच्या बरोबर असते हे पण खरं, काही ठिकाणं सोडून, जसं बाडेन-वुर्टेमबर्गमध्येच आपल्यासारख्या बाहेरच्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात. पण तिथे बीएस्सी-बीईला बहुतेक ठिकाणी शिकवणं जर्मनमधून, आणि नुसत्या आपल्या बारावीवर सहसा थेट घेत नाहीत, आधी तिथला तयारीचा वर्षभराचा कोर्स किंवा इथं कॉलेजचं एखादं वर्ष. आणि भाषा किती? हे क्लासवाले देतात ते ए-वन, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, माझं नाव हे, मी इथे राहते, एक कॉफी द्या. कॉलेजात बसून लेक्चर समजायला त्याच्यावर ए-टू, बी-वन, बी-टू आणि बऱ्याच ठिकाणी सी-वन. त्या पत्रकावर ए-वनचं सर्टिफिकेट हार्वर्डच्या फोटोखाली छापलं आहे, याला काय म्हणावं.

अमेरिकेच्या फॉर्ममध्ये आपल्या गावच्या पोराचं खरं अडते ते दुसरीकडेच. एक म्हणजे इंग्रजी, टोफेल किंवा ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा किंवा आयईएलटीएस, मराठी मीडियमवाल्याला यापैकी एक बहुतेक द्यावीच लागते, फी भरायची असेल तर तिथे भरा. दुसरं म्हणजे शाळेचे कागद. नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क मागतात आणि आपल्याकडे नववीचं प्रगतीपत्रक मराठीत, हातानं भरलेलं, अर्ध्या जणांनी निकालाच्या दिवशीच घडी करून कुठेतरी कोंबलेलं. त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावर मुख्याध्यापकाची सही, गोल शिक्का. मग कौन्सिलरचा रिपोर्ट. आपल्याकडे कौन्सिलर म्हणजे सगळेजण नगरसेवक समजतात, तर तिथे तो शाळेतला मार्गदर्शक शिक्षक असतो आणि आपल्या शाळेत तो नसतोच, म्हणून मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी भरायचा. त्यासाठी शाळेचा ईमेल लागतो. कित्येक शाळांचा ईमेल बाबू लोकांच्या खाजगी जीमेलवर चालतो, पासवर्ड नेट कॅफेवाल्याला माहिती असतो. वर्गात किती मुलं, या मुलाचा नंबर कितवा, शाळेत कोणते विषय मिळतात, हे सगळं त्यात लिहायचं असते. आणि टाय-अपवाल्या ज्युनिअर कॉलेजातलं पोरगं असेल तर आणखी मजा, ते दोन वर्षं कोचिंगला, कॉलेजात फक्त नाव, तर शिफारसपत्र लिहिणारे सर त्याला ओळखतच नाहीत. अशा पोराला जर्मन येत असून काय उपयोग?

पैशाचं पण बोलायला पाहिजे कारण पालक पहिले तेच विचारतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट ही कॉलेजं परदेशी पोराची ॲडमिशन ठरवताना त्याच्या बापाची ऐपत पाहत नाहीत आणि घेतलं तर गरजेइतकी मदत पण करतात. हे ऐकून गावात एकदम हुरूप येतो, पण हार्वर्ड शंभरात जेमतेम चार जणांना घेते हे त्याच दमात सांगा. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं बाहेरच्या पोरांना गरजेची मदत देत नाहीत आणि त्यांची फी ऐकून शेत विकायचं काढाल. आपल्या भागातल्या बहुतेक पोरांसाठी इथं ग्रॅज्युएशन करून मग स्कॉलरशिपवर मास्टर्सला जाणं हा जास्त चालता रस्ता आहे. बुलडाण्याचे राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपवर लंडनला गेले, त्यांची एकलव्य संस्था यवतमाळातूनच उभी राहिली आणि गावाकडच्या पोरांना अशा अर्जांसाठी तयार करते. चेव्हनिंगला फ्रेंच-जर्मन लागत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, ती पण मास्टर्स आणि पीएचडीलाच.

तर संपादक साहेब, तुमच्या शिक्षणाच्या पानावर दरवर्षी अकरावी प्रवेशाच्या वेळी कट-ऑफची पानंच्या पानं येतात, त्यात यंदा एक चौकट द्या की दुसरी भाषा सोडायच्या आधी पोरानं पुढे काय करायचं ठरवलं आहे ते एकदा विचारा. आणि तुमच्या एजन्सीवाल्यांना सांगा की घडीत काय टाकतो ते एकदा वाचून तरी टाक. त्या काकांचं टोकन परत मागायला मी आणि माझे मिस्टर येत्या सोमवारी त्यांच्यासोबत क्लासच्या ऑफिसात जाऊन राहिलो आहोत, पावतीवर "नॉन रिफंडेबल" लिहिलं आहे म्हणतात, तरी जाऊ. आणखी कोणी पालकांनी पैसे भरले असतील तर पावती घेऊन सोबत या.

आपली,
एक शिक्षिका आणि पालक
ता. आर्णी, जि. यवतमाळ